ऐकू येतं, पण कळत नाही

कानाच्या डॉक्टरांकडे येणारी एक तक्रार अशी आहे की ती सांगताना रुग्णच ओशाळतो. 'ऐकू येतं हो डॉक्टर, पण काय बोलतात ते कळत नाही.' घरात दोघंच समोरासमोर बसले की सगळं व्यवस्थित. पण लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, ऑफिसातल्या पाच जणांच्या मीटिंगमध्ये, चार आवाज एकत्र आले की शब्द शब्दात मिसळतात. माणूस नुसता मान डोलवत राहतो. बरेचदा चुकीच्या जागी हसतोही. मग ऑडिओग्रॅम काढला जातो. काचेच्या शांत खोलीत हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. रिपोर्ट येतो : नॉर्मल. घरचे म्हणतात, 'लक्ष नसतं त्यांचं.' म्हातारा माणूस असेल तर आणखी एक शेरा ठरलेला, 'सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.'

गेल्या पंधरा-सोळा वर्षांतलं संशोधन म्हणतं की या माणसाचं खरं असू शकतं आणि रिपोर्ट अपुरा असू शकतो. ही गोष्ट प्रयोगशाळेतून बाहेर यायला हवी, कारण आवाजाबद्दलचे आपले कायदे, कारखान्यातल्या तपासण्या आणि मिरवणुकीनंतर स्वतःची समजूत घालण्याची आपली पद्धत, हे सगळं त्या एका रिपोर्टवर आणि त्यामागच्या जुन्या समजुतीवर उभं आहे.

समजूत कोणती, तर कान म्हणजे एक पडदा. आवाज आला, पडदा हलला, आपण ऐकलं. शाळेत कानाचं चित्र काढताना पडदा आणि हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन हाडं आपण मन लावून काढतो आणि पुढची ती गोगलगाय कशीबशी उरकतो. खरं काम त्या गोगलगाईत चालतं. तिला कॉक्लिया म्हणतात. वाटाण्याएवढी जागा, अडीच-पावणेतीन वेटोळी, आत द्रव. त्या वेटोळ्यांतून जाणाऱ्या पट्टीवर केशपेशींच्या रांगा असतात. पेशीच्या डोक्यावर केसांसारखे ताठ तंतू, म्हणून हे नाव. आवाजाने पट्टी हलते, तंतू कलतात, पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि मज्जातंतूला संदेश जातो. ऐकू येण्याच्या अगदी सीमेवरच्या आवाजाने कानाचा पडदा जेवढा हलतो, ते अंतर एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. एवढी बारीक हालचाल टिपणारं दुसरं इंद्रिय आपल्याकडे नाही.

आणि या पेशी आहेत किती? एका कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास असतात. कानाचा अख्खा संसार पंधरा हजारांत. त्यातही मेंदूकडे बातमी पोहोचवण्याचं काम जवळजवळ सगळं त्या साडेतीन हजारांचं. बाहेरच्या पेशी बातमी पाठवत नाहीत, त्या आवाज वाढवतात. हे कळायला मात्र विज्ञानाला बराच वेळ लागला, आणि ती हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे.

बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांत डोकावून, आवाजाची लाट त्या पट्टीवरून कशी धावते ते पाहिलं. त्यासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. पण मेलेल्या कानात दिसलेली लाट फारच पसरट होती. जिवंत माणूस दोन अगदी जवळचे सूर वेगळे ओळखतो ते या पसरट लाटेने कसं जमावं? १९४८ मध्ये टॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने केंब्रिजमधून उत्तर सुचवलं होतं : कॉक्लियात काहीतरी स्वतःहून जोर लावत असलं पाहिजे, ती नुसती पडून ऐकत नाही. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गोल्ड खगोलशास्त्राकडे वळले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडणारे गोल्ड ते हेच. विश्वाबद्दलचं त्यांचं मत टिकलं नाही, कानाबद्दलचं टिकलं. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की कानात टिचकीसारखा आवाज सोडला तर काही क्षणांनी कानातूनच क्षीण आवाज परत येतो. कान आवाज करतो! पुढे १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी बाहेरच्या केशपेशी विजेच्या इशाऱ्यावर लांब-आखूड होतात हे दाखवलं, आणि २००० मध्ये त्या हालचालीमागचं प्रथिन, प्रेस्टिन, हाती आलं. नवजात बाळाच्या कानात छोटी नळी घालून दोन मिनिटांत तपासणी करतात ती केम्प यांच्या शोधावरच चालते.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की जिवंत, जोर लावणारी, मोजक्या पेशींची ही यंत्रणा आहे, ढोलाचं कातडं नव्हे. कातडं फाटलं तर नवं चढवता येतं. माणसाच्या केशपेशी जन्माआधी तयार होतात आणि मेल्या की परत उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात. कोंबडीच्या पिल्लाचा आणि लाव्याचा कान गोंगाटाने बिघडवला तरी काही आठवड्यांत नव्या पेशी येतात, हे १९८०च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालं. सस्तन प्राण्यांनी ही सोय उत्क्रांतीच्या वाटेवर कुठेतरी गमावली.

इथपर्यंतचं बऱ्याच वाचकांनी कुठे ना कुठे वाचलं असेल. मला पुढच्या भागाबद्दल बोलायचं आहे.

कानठळ्या बसवणाऱ्या कार्यक्रमातून आपण घरी येतो. कानात सूंऽऽ आवाज येत असतो, सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येतं. सकाळी उठलो की बरंच कमी, दोन दिवसांनी पूर्ववत. कान थकला होता, विश्रांती मिळाली, भरून आला, असं आपण म्हणतो. शास्त्रज्ञही अनेक वर्षं तसंच म्हणत होते. तात्पुरता बधिरपणा आणि कायमचा बधिरपणा अशा दोन वेगळ्या वह्या ठेवलेल्या होत्या आणि पहिल्या वहीची फार चिंता कोणी करत नसे.

२००९ मध्ये बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकणं मंदावलं आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झालं. केशपेशी मोजल्या, सगळ्या जागच्या जागी. जुन्या हिशेबाने इथे प्रयोग संपतो. या दोघांनी पुढे जाऊन केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले सांधे मोजले. आतल्या प्रत्येक केशपेशीला दहा-वीस तंतू येऊन भिडलेले असतात. प्रत्येकाचा स्वतंत्र सांधा, त्याला सिनॅप्स म्हणतात. उंच सुरांच्या भागात यातले जवळपास निम्मे सांधे गेले होते, आणि ते परत आले नाहीत. पुढच्या महिन्यांत, हळूहळू, ते तंतूही मरत गेले. उंदीर मात्र 'ऐकू येण्याच्या' चाचणीत पास होत राहिला.

असं कसं होतं? ज्या दैनिकात तुम्ही हे वाचत आहात, त्यातला एखादा फोटो भिंगाखाली धरा. तो ठिपक्यांचा बनलेला दिसेल. निम्मे ठिपके पुसले तरी इथे फोटो आहे हे कळेल. कोणाचा आहे ते ओळखणं अवघड होईल. ऑडिओग्रॅम फक्त 'फोटो आहे का' एवढंच विचारतो. शांत खोलीत एक शुद्ध सूर, ऐकू आला की नाही? त्यासाठी थोडे तंतूही पुरतात. मांजरांमध्ये बहुतेक मज्जातंतू काढून टाकले तरी सूर ऐकण्याची पातळी फारशी ढळत नाही, हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं. त्यावर बरीच दशकं धूळ बसली. शिवाय प्राण्यांवरच्या पुढच्या कामात असं दिसलं की आधी जातात ते तंतू मोठ्या आवाजात, गलक्यात काम करणारे असतात. हलका आवाज टिपणारे मागे राहतात. म्हणजे शांत खोलीत सगळं छान आणि पंगतीत गोंधळ. त्या ओशाळलेल्या रुग्णाचं वर्णन याहून नेमकं कोणी करू शकलं नसतं. याला 'हिडन हिअरिंग लॉस', लपलेला बहिरेपणा, असं नाव पडलं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मरणोत्तर दान केलेले माणसांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वयाबरोबर हे सांधे आणि तंतू केशपेशींच्या बरेच आधी कमी होत जातात, हे स्पष्ट दिसलं. पण जिवंत तरुण माणसांमध्ये, ज्यांचे ऑडिओग्रॅम नॉर्मल आहेत पण आयुष्यात गोंगाट पुष्कळ झाला आहे अशांमध्ये, ही हानी शोधायला गेलेल्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गटाला तरुणांमध्ये असा परिणाम आढळला नाही. काहींना आढळला. जिवंत माणसाच्या कॉक्लियातले सांधे मोजण्याची सोय नाही, अप्रत्यक्ष खुणांवरूनच अंदाज करावा लागतो. माणसाचा कान उंदरापेक्षा काटक आहे असं दिसतं, आणि किती आवाजाला किती सांधे जातात याचा हिशेब माणसासाठी अजून मांडता आलेला नाही.

मग लेख लिहायची घाई का? कारण अनिश्चिततेचा फायदा कोणाला द्यायचा हा विज्ञानाचा प्रश्न नाही, तो आपला आहे. आज तो फायदा आवाजाला दिला जातो. सिद्ध होईपर्यंत चालू द्या, असं. केशपेशी आणि सांधे परत येत नाहीत हे ज्या इंद्रियाबद्दल आपल्याला पक्कं ठाऊक आहे, तिथे हा न्याय उलटा हवा. 'दुसऱ्या दिवशी कान ठीक झाले होते' हा पुरावा आता पुरावा म्हणून चालत नाही. माझ्या मते या सगळ्या संशोधनातून सामान्य माणसाने घ्यायची गोष्ट हीच.

आपल्याकडचे आकडे पाहू. डेसिबलचं मोजमाप फसवं असतं. दहाने वाढ म्हणजे ऊर्जेत दहापट, तीनने वाढ म्हणजे जवळपास दुप्पट. कानाच्या सुरक्षेसाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा : ८५ डेसिबल आठ तास. तीन वाढले की वेळ निम्मी. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात फक्त पंधरा मिनिटं. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजतात आणि काही वर्षी तिथली सरासरी शंभराच्या पुढे गेलेली आहे. तीही चौकाचौकांतली सरासरी. स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याच्या कानापाशी किती असेल याचा अंदाज वाचकाने करावा. मिरवणूक चालते चोवीस तासांहून जास्त.

इथे एक लाडकी समजूत आडवी येते. डीजे वाईट, ढोल-ताशा आपली परंपरा, म्हणून चांगला. मला पथकांबद्दल आपुलकी आहे आणि डीजेबद्दल नाही, पण कॉक्लियाला परंपरा कळत नाही. ताशाची काडी कातड्यावर पडते तेव्हा निघणारा तीक्ष्ण आवाज वाजवणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. आणि पथकातली मुलं एक दिवस वाजवत नाहीत, नदीकाठी आधीचे दीड-दोन महिने रोज संध्याकाळी दोन-तीन तास सराव करतात. पोषाख, पगडी, बोटांना चिकटपट्ट्या, सगळ्याची तयारी असते. कानात घालायचे बोळे मात्र फार थोड्यांच्या खिशात. पथकांनीच नियम केला तर हे एका हंगामात बदलेल. ढोलाचा ठेका बोळ्यांतूनही पोहोचतोच, छातीतही पोहोचतो. आणि चौकात बारा-बारा तास उभा असलेला पोलीस? तो हौसेने आलेला नसतो. त्याला बोळे देणं ही सरकारची जबाबदारी आहे, उत्सव मंडळाची मेहेरबानी नव्हे.

२००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज भोवतालच्या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. कायदा कागदावर वाईट नाही. पण त्याची नजर कुठे आहे पाहा : ती शेजाऱ्यावर आहे. म्हातारी माणसं, आजारी, परीक्षेची मुलं, ज्यांना त्रास होतो त्यांच्यावर. त्यांचं संरक्षण व्हायलाच हवं. पण यामुळे सगळी चर्चा 'तुम्हाला उत्सव नको आहे' विरुद्ध 'आम्हाला झोप हवी आहे' अशा भांडणात अडकते. ज्याला तो आवाज आवडतो, जो त्याच्यासमोर नाचतो, त्याच्या कानाचं काय होतं हे कोणी विचारत नाही. तक्रार करणाऱ्यापेक्षा त्याचंच नुकसान जास्त होतं आणि तो तक्रार करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक ठरवलं ते प्रेक्षकाचा कान धरून : पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, बोळे उपलब्ध हवेत, शांत बसायला जागा हवी. आपल्या नियमांत अशी एखादी तरी ओळ यायला हवी.

उत्सव वर्षातून काही दिवस. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमधला कामगार तर रोज पाळी भरून तिथे असतो. शेजारच्या मागावरच्या माणसाशी ओठ वाचत आणि हातवारे करतच बोलावं लागतं. कायद्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण आपली कारखान्यातली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल, म्हणजे वर सांगितलेल्या ठोकताळ्यापेक्षा तिपटीहून जास्त ऊर्जा. आणि नुकसान झालं की नाही ते ठरवणार ऑडिओग्रॅम. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणं' सुरू होतं ते दोन्ही कानांत ६० डेसिबलला. समोरचा माणूस साध्या आवाजात बोलला तर एक शब्द धड न कळण्याची ही अवस्था आहे. त्याआधी वीस वर्षं जो गलक्यात हरवत गेला, त्याच्यासाठी कागदावर रकानाच नाही.

हे सुधारायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. पार्श्वभूमीला गलका लावून वाक्यं ऐकवायची आणि किती शब्द कळले ते मोजायचं, अशी चाचणी जगात वापरात आहे. ती रुग्णाच्या बोलीत हवी, ही एक अट. धुळ्याच्या माणसाला इंग्रजी शब्दांची यादी ऐकवून त्याच्या कानाची परीक्षा होत नाही, त्याच्या शाळेची होते. कारखान्यातल्या आणि पोलिसांच्या वार्षिक तपासणीत एवढी भर घातली तरी लपलेलं बरंच बाहेर येईल. त्याचं कारण सांध्यांत आहे की मेंदूत, हा वाद संशोधकांनी खुशाल चालू ठेवावा.

अधूनमधून 'बहिरेपणावर इलाज सापडला' अशी बातमी येते, तिच्याबद्दलही थोडं. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फूदान विद्यापीठातल्या गटाने जन्मतः बहिऱ्या सहा मुलांवर जनुकीय उपचार केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. बातमी खरी आहे आणि थरारक आहे. पण त्या मुलांच्या कानात ओटोफर्लिन या एकाच प्रथिनाची उणीव होती. केशपेशी शाबूत, तंतू शाबूत, फक्त सांध्यातून संदेश पलीकडे जात नव्हता. बरोबर तोच सांधा, ज्याबद्दल हा सगळा लेख आहे. तिथे जनुक पोहोचवलं आणि दार उघडलं. आवाजाने ज्यांचे सांधे तुटले, पेशी मेल्या, त्यांच्या कानात उघडायला दार शिल्लक नसतं. केशपेशी पुन्हा उगवाव्यात म्हणून बनवलेलं एक गाजलेलं औषध २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत साखरेच्या पाण्याइतकंच निरुपयोगी ठरलं. कानाचं मशीनही आवाज मोठा करून देतं, पुसलेले ठिपके भरून देत नाही. 'मशीन लावलं तरी गर्दीत कळत नाही' म्हणून ते कपाटात टाकणाऱ्यांनी दोष मशीनला द्यायच्या आधी हे लक्षात घ्यावं. आणि तरीही मशीन वापरावं, कारण उरलेल्या ठिपक्यांचं काम ते सोपं करतं.

घरात कोणी 'ऐकू येतं, पण कळत नाही' म्हणत असेल तर समोर बसून, टीव्ही बंद करून, ओरडून नव्हे तर सावकाश बोला. तपासणीला गेलात आणि ऑडिओग्रॅम नॉर्मल आला, तर तिथेच विचारा की गोंगाटातलं बोलणं किती कळतं ते तपासता येईल का. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'नाही' असं येईल. विचारणारे वाढले तर ते बदलेल, कारण आपल्याकडे नव्या तपासण्या बहुधा अशाच सुरू झाल्या आहेत.